रिपोर्ट नॉर्मल, तरी सकाळी पोट दुखतं

ताई, तुमची पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. सात वर्षांची मुलगी, शाळेच्या वेळेला पोट धरून बसते, सोनोग्राफीत काही नाही, घरी नवऱ्याची दारू, आणि शेवटी तुमचा प्रश्न, "हे डॉक्टरांना सांगावं का?" चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं अगदी हेच चाललं होतं.

सांगा. मी नाही सांगितलं आणि आठ महिने घालवले. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरी काही टेन्शन?" मी हसून म्हटलं, "छे, सगळं छान." पोरगं तपासायच्या टेबलावर पाय हलवत बसलेलं. पाय थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणालं, "सगळं छान." त्यानंतर त्याने कुणालाच काही सांगितलं नाही, वर्गाच्या बाईंनाही नाही. जंताच्या गोळ्या झाल्या, अँटासिड झालं, लघवी दोनदा तपासली. पैशांचं सोडा हो, पण ते खोटं त्याला मीच शिकवलं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी खोदून विचारलंच नाही. दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा, एवढंच म्हणाल्या. महिनाअखेर बघते तर सगळ्या फुल्या पगारानंतरच्या आठवड्यात, आणि ह्यांच्या रात्रपाळीच्या दिवसांत एकही नाही. ते पान पुढे ठेवलं, मला फारसं बोलावं लागलं नाही.

पहिल्यांदा सांगताना मुलीला बाहेर बसवा. आणि "नाटकं करते" असं तिला कुणालाही म्हणू देऊ नका, दुखणं खरंच असतं. (मी डॉक्टर नाही. झोपेतून उठवणारी कळ, घटतं वजन, शौचातून रक्त, ताप असेल तर घरचं कारण शोधत बसू नका.) लहानपणी घरात काय काय सोसलं त्याचे गुण मोजणारी, नेटवर फिरणारी ती दहा प्रश्नांची 'ACE' चाचणीही नको. तिचं मूळ अमेरिकेत मोठ्या माणसांवर केलेल्या, १९९८ साली छापून आलेल्या अभ्यासात आहे. त्या गुणांवरून आपल्या एका पोरीचं पुढे काय होणार ते कळत नाही.

हात उचलला जात असेल तर आधी १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा १८१ (बायकांची) लावा. वेगळं राहायची वेळ आलीच, तर महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेत एकट्या पालकाच्या मुलासाठी महिना २,२५० रुपये आहेत. अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्याच. मी घेतली नव्हती, आणि एका कार्यालयाने "फाईलच दिसत नाही" म्हणत मला पाच खेपा घालायला लावल्या. नाव घेत नाही, पंखा मात्र जोरात चालायचा तिथे.

तुमच्याकडे कोणत्या वारी जास्त दुखतं, बघितलंय का?