वकील बदलायचा, पण कुठल्या तारखेच्या आधी?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर गवंडीकाम करतात. 2023 च्या फेब्रुवारीत हायवेवर मागून आलेल्या ट्रकने त्यांच्या मोटारसायकलला उडवलं. तेव्हा ते 38 वर्षांचे होते. उजव्या मांडीत रॉड आहे, पाय आखूड झालाय, परांचीवर चढता येत नाही. दाखल्यावर 'उजवा पाय, 40 टक्के' असं लिहिलंय. त्याच वर्षी जूनमध्ये सातारच्या कोर्टात क्लेम टाकला. वकील भावकीच्या ओळखीतले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "तारीख पडली" एवढंच. आता म्हणतात, लोकअदालतीत साडेतीन लाखांवर मिटवा. सुरुवातीला वीस टक्के ठरलं होतं, तेही तोंडीच. दुसरे एक वकील "पंधरा लाख काढून देतो" म्हणतात. पण पहिले म्हणतात, आधी चाळीस हजार द्या, मगच फाईल आणि ना-हरकत. वकील बदलला तर केस पहिल्यापासून चालेल का? रोजनाम्याच्या प्रती सोबत पाठवल्या आहेत.
– एक भगिनी, कोरेगाव तालुका

उत्तर : रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पाठवलात ते फार बरं केलंत. वकिलावरच्या रागाची पत्रं मला पुष्कळ येतात, पण नुसत्या रागावरून सल्ला देता येत नाही. वकील फोन उचलत नाहीत हा त्रास आहे, मान्य. पण फोन न उचलणारे काही वकील कोर्टात उत्तम उभे राहतात आणि गोड बोलणारे काही तारखेला फिरकत नाहीत. वकिलानं काय केलं ते रोजनामा सांगतो.

तुमचा रोजनामा मी दोनदा वाचला. विमा कंपनीची कैफियत (लेखी उत्तर) आली आहे, वादाचे मुद्दे निघाले आहेत, मिस्टरांचं सरतपासाचं (स्वतःच्या बाजूच्या साक्षीचं) शपथपत्र दाखल झालंय आणि उलटतपासही पुरा झालाय. फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा यांना निशाणी (पुराव्यात घेतल्याचा क्रमांक) पडली आहे. इथवर काम व्यवस्थित आहे, ते वकिलांच्या नावावर जमा धरा. पुढे मात्र सलग चार तारखांना एकच नोंद : 'साक्षीदार गैरहजर, मुदत अर्ज मंजूर'. हा साक्षीदार म्हणजे डॉक्टर. त्यांना समन्स काढण्यासाठी अर्ज दिल्याची नोंद कुठेच नाही. मला खटकलं ते हे.

डॉक्टरांच्या साक्षीवर किती पैसे अवलंबून आहेत, बघा. दाखल्यातले 40 टक्के एका पायाचे आहेत. विमा कंपनी म्हणणार, सगळ्या शरीराच्या हिशेबात ते वीसच्या आसपास येतात. पण सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करत होता ते बघून घट ठरवायची. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा पाय आणि गवंड्याचा पाय सारखा कसा मोजणार? घट कोर्ट ठरवतं, मात्र पाय किती निकामी झालाय आणि त्यामुळे काय जमत नाही हे डॉक्टरांनी साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सांगावं लागतं आणि त्यांना ते नीट विचारणारा वकील लागतो.

आकडे मांडून दाखवते. महिन्याला 12,000 रुपये कमाई धरली, तर चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कामगाराला पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 16,800 होतात. वर्षाचे 2,01,600. वय 36 ते 40 असेल तर गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणतात तो आकडा) 15, म्हणजे 30,24,000. यावर घट 20 टक्के मानली तर 6,04,800 आणि 40 टक्के मानली तर 12,09,600. दवाखान्याचा खर्च, वेदना वगैरे वेगळं. अपघातात मिस्टरांचाही दोष ठरला तर त्या प्रमाणात रक्कम खाली येते, तरी साडेतीन लाखांवर आज सही करू नका. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणावर अपील होत नाही. आणि डॉक्टरांची साक्षच झालेली नसताना पंधरा लाखांचा शब्द देणारे वकील? ते तर मला आधीच्यांपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात.

माझं मत असं. पुढच्या तारखेच्या आधी मिस्टरांना घेऊन वकिलांच्या ऑफिसात जा. नातेवाइकांची फौज नको. एवढंच विचारा : डॉक्टरांच्या समन्ससाठी अर्ज कधी देताय? त्यांनी त्या तारखेला अर्ज दिला तर बदलू नका. उलटतपास ज्यांनी ऐकलाय त्यांच्याच हातात केस राहिलेली बरी. टाळाटाळ केली तर मात्र लगेच बदला, पुरावा संपल्याची पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) त्यांनी देण्याच्या आत. एकदा ती दिली की पुरावा पुन्हा उघडायला नव्या वकिलाला कोर्टाची विनवणी करावी लागेल.

केस पहिल्यापासून सुरू होत नाही. नवा वकील आहे त्या टप्प्यावरून पुढे नेतो. "हा दावा काढून घेऊ, नवीन टाकू" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा नियम आहे. नव्या दाव्यात मुदतीचं भांडण विकत घ्याल.

ना-हरकतीसाठी, म्हणजे नवा वकील नेमायला जुन्यांच्या लेखी संमतीसाठी, अडून बसायचंही कारण नाही. जुने वकील देत नसतील तर वकीलपत्र रद्द करण्याची परवानगी मागणारा, मिस्टरांच्या सहीचा अर्ज कोर्टात देता येतो. तशी परवानगी मिळाली की नवे वकील उभे राहतात. फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली भोपाळच्या एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. कोर्टात दाखल झालेल्या कागदांच्या नकला तर तुम्हाला अर्ज करून मिळतातच.

चाळीस हजारांचं म्हणाल, तर केलेल्या कामाची वाजवी फी त्यांना द्यावी, असं मी मानते. हिशेब लेखी मागा आणि पावती घ्या. पण नुकसानभरपाईतले वीस टक्के हा करार बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, तोंडी असो की लेखी. नवे वकीलही टक्क्यांत बोलले तर तेच. ऐपतीचा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर तिथून मोफत वकील मिळतो.

नव्या वकीलपत्रावर सही करताना कोऱ्या कागदावर सही देऊ नका. फीपोटी कोरा चेक तर मुळीच नाही. अपघाताच्याच एका दाव्यात फीचा चेक न वटल्यामुळे वकिलानं पक्षकार बाईंवर फौजदारी केस केली होती, ती 2017 साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन रद्द झाली. तिथवर जायची वेळ तुमच्यावर कशाला यावी? चेकबुक घरीच ठेवून जा.