पंगतीत भागधारक शेवटी

अनेक आशीर्वाद.

बँकेच्या साहेबांना कोटींचा बोनस आणि आपल्याला शेअरमागे चार-पाच रुपये लाभांश, मग बँकांचे शेअर घ्यायचेच कशाला, असं तू विचारलंस. आधी एक गल्लत दूर करू. बाजारात बोनस म्हटलं की बक्षीस शेअर आठवतात. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक दिले तसे. त्यात पदरात नवं काही पडत नाही, भाकरी तेवढीच राहते आणि तुकडे दुप्पट होतात. कर्मचाऱ्यांच्या बोनसने मात्र भाकरीच लहान होते.

किती, ते कागदावर मांड. समज, एका बँकेचं निव्वळ व्याज आणि इतर उत्पन्न मिळून १,००० कोटी. पगार-बोनस ३००, बाकी खर्च २००, कार्यकारी नफा ५००. बुडीत कर्जांची तरतूद, म्हणजे त्यांच्यापायी बाजूला काढलेले पैसे, १५०. उरले ३५०, त्यातून सुमारे २५ टक्के कर गेला की हाती २६२ कोटी. बँक त्यातले २० टक्के वाटते, म्हणजे ५२ कोटी लाभांश. आता बोनस फक्त ३० कोटींनी वाढव. पगारखर्चात ती दहा टक्के वाढ. नफ्यातून करानंतर साडेबावीस कोटी गेले, म्हणजे साडेआठ टक्के. लाभांशाशी ताडून पाहिलं तर त्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त.

हे आकडे शोधायला वार्षिक अहवालातलं शेड्यूल १६ उघड. पहिलीच ओळ कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाची असते. शेड्यूल १३ मधून (मिळालेलं व्याज) १५ (दिलेलं व्याज) वजा कर, ते निव्वळ व्याज, त्यात १४ मिळव (इतर उत्पन्न), आणि पगारखर्चाला या बेरजेने भाग. एका वर्षाचं उत्तर कामाचं नाही, पाच वर्षांची ओळ हवी. सरकारी बँकांत हा आकडा वेतनकराराच्या किंवा पेन्शनच्या तरतुदीच्या वर्षी एकदम उसळतो, त्याचं खापर बोनसवर फोडू नकोस. तिथला बोनस तसा किरकोळच. २०२० च्या करारात ठरलं होतं, की कार्यकारी नफा ५ ते १० टक्के वाढला तर पाच दिवसांचा पगार, १५ टक्क्यांच्या वर गेला तर पंधरा दिवसांचा. पण शब्द बघ: कार्यकारी नफा, म्हणजे तरतुदीच्या आधीचा. कर्ज बुडालं तरी या मोजपट्टीवर ते दिसत नाही.

खरी मेख तिथेच आहे. कर्ज दिलं की उत्पन्न आज दिसतं. ते बुडणार असेल तर कळायला दोन-तीन वर्षं जातात. हप्ता ९० दिवस थकल्यावरच ते अनुत्पादक ठरतं. तोवर बोनस खात्यात जमा, साहेब कदाचित दुसऱ्या बँकेत. वेगाने कर्ज वाटणारी बँक म्हणूनच काही काळ निरोगी वाटते. १,००० कोटींची कर्जं दरसाल ३० टक्क्यांनी वाढली तर दोन वर्षांत १,६९० होतात. ३४ कोटी थकले तर अहवालात दोन टक्के दिसेल. तेच दोन वर्षांपूर्वीच्या कर्जांवर मोज, ३.४ टक्के येईल. ज्या वर्षी बोनस फुगला, त्यानंतरच्या तीन वर्षांत हा दुसरा आकडा कुठे गेला ते लिहून काढ.

परदेशातली उदाहरणं याहून ढळढळीत. अमेरिकेच्या मेरिल लिंचने २००८ मध्ये २७.६ अब्ज डॉलर गमावले आणि ३.६ अब्ज बोनस वाटला. ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने २०१३ मध्ये भागधारकांकडून हक्कभागातून (आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) ५.८ अब्ज पौंड घेतले. त्याच वर्षी समायोजित नफा ३२ टक्क्यांनी घसरून ५.२ अब्जांवर आला, बोनस १० टक्क्यांनी वाढून २.३८ अब्ज झाला आणि लाभांश एक अब्जालाही पोचला नाही. कारण दिलं ते माणसं सोडून जातील हे. ते अगदी खोटं नव्हतं, पण मग अशा धंद्यात मालक कोण, हा प्रश्न पडतोच. युरोपने २०१४ पासून बोनसला पगाराइतकी मर्यादा घातली (भागधारकांची संमती असेल तर दुप्पट). बँकांनी पगार आणि भत्ते वाढवले, आणि मंदीत जो खर्च कापता आला असता तो पक्का होऊन बसला. ब्रिटनने २०२३ मध्ये ही मर्यादा उठवली. मला तरी ते पटतं.

रिझर्व्ह बँकेची वाट उलटी आहे. २०१९ च्या नियमांनुसार खासगी बँकांच्या प्रमुखांच्या एकूण मोबदल्यात निम्मा तरी बदलता (कामगिरीवर ठरणारा) हवा, पण ठरलेल्या पगाराच्या तिपटीपर्यंतच. त्यातला किमान ६० टक्के भाग किमान तीन वर्षांवर लांबवायचा, आणि गैरप्रकार निघाला तर अडवायची, दिलेलं परत घ्यायचीही तरतूद हवी. अशी तरतूद निव्वळ कागदी नसते. हे नियम येण्याच्या काही महिने आधीच, जानेवारी २०१९ मध्ये, आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळाने माजी प्रमुखांचा एप्रिल २००९ पासूनचा बोनस परत घ्यायचं ठरवलं होतं.

आता ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत बँकेचे नवे शेअर घ्यायचा दिलेला हक्क, कारण नवखा माणूस इथेच चुकतो. दरवर्षी दीड टक्का नवे शेअर निघत असतील तर १०० कोटींचे पाच वर्षांत सुमारे १०७.७ कोटी शेअर होतात. नफा १२ टक्क्यांनी वाढला, तरी तुझ्या एका शेअरमागे वाढ १०.३ टक्केच. पुस्तकी मूल्य (देणी वजा जाता उरलेली बँकेची मालमत्ता, शेअरमागे) मात्र फसवतं. ईसॉपची किंमत पुस्तकी मूल्याच्या वर असेल, आणि चांगल्या बँकांत ती असतेच, तर शेअरमागचं पुस्तकी मूल्य उलट वाढतं आणि सगळं छान दिसतं. म्हणून शेअरमागचा नफा पाहा, तोही सगळे ईसॉप वटले असं धरून काढलेला; अहवालात तो आकडा वेगळा दिलेला असतो. आणखी एक: ईसॉपचा खर्च ब्लॅक-शोल्स पद्धतीने (अशा हक्काची किंमत काढायचं सूत्र) नफ्यातून वजा करायला रिझर्व्ह बँकेने २०२१ पासून लावलं. त्याआधी बाजारभावाने दिलेल्या ईसॉपचा खर्च बहुधा शून्य दाखवत. २०२१ च्या अलीकडचा आणि पलीकडचा पगारखर्च शेजारी ठेवलास तर थोडी उडी या नियमाचीच असेल.

शेअर घेतलेस की ईमेलवर पोस्टल बॅलटची, म्हणजे सभेला न जाता ठरावावर मत द्यायची, सूचना येईल. बहुतेक जण ती न वाचता पुसून टाकतात. प्रमुखाच्या नेमणुकीचा ठराव असेल तर त्याला जोडलेलं स्पष्टीकरण उघड. ठरलेला पगार, भत्ते, सगळं रुपयांत असतं. बदलता भाग कशावर मोजणार, ते शोध. नुसती कर्जवाढ आणि नफा लिहिला असेल आणि थकबाकीचा उल्लेखच नसेल, तर विरोधात मत दे. मुदत तीस दिवसांची असते, डिमॅट खात्यातून दोन मिनिटांत होतं.

मनात असलेल्या दोन बँकांचे पाच-पाच वर्षांचे आकडे काढून पाठव. शेड्यूल १६ ची पहिली ओळ, शेअरमागचा नफा, दोन वर्षांपूर्वीच्या कर्जांवरची थकबाकी. भाव काय चाललाय ते सध्या लिहू नकोस.