खिडकीतलं ऊन

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी बासरी शिकतंय, रोज संध्याकाळी तोच चुकलेला सूर, आणि आता तुझ्या मनात रीतसर तक्रार करायचं आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आधी एक कर. उद्या सकाळी फोन आत ठेवून अर्धा तास उन्हात बस. ऊन पावलांवरून गुडघ्यांपर्यंत कसं चढतं, ते नुसतं बघ. या सुखाला सही-शिक्का लागत नाही. पण ते कायम तसंच राहील असं धरून चालू नकोस. इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसला. मोठं घर, जास्त खिडक्या, म्हणून जास्त कर, इतका साधा हिशोब. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांनी माणसं आजारी पडतात म्हणून ओरड झाली, तरी कर रद्द व्हायला १८५१ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये तर १९२६ पासून २०१७ पर्यंत बार किंवा हॉटेलात गिऱ्हाइकांना नाचू द्यायचं तर मालकाला वेगळा परवाना काढावा लागे. नाचायला परवाना!

माझंही सांगतो. घराजवळच्या झाडाखाली दोन दगडांवर मी एक जुनी फळी टाकली होती. संध्याकाळी चार म्हातारी माणसं तिथं टेकायची, गप्पा मारायची. एक दिवस नोटीस आली आणि फळी उचलून नेली. मी तीन हेलपाटे घातले, दर वेळी नवा अर्ज. तिचा अडथळा कुणाला होत होता, हे एकाही कागदावर नव्हतं. त्यांतले एक आजोबा अजून येतात, काठीवर भार देऊन जरा वेळ उभे राहतात आणि परत फिरतात.

पुढे कळलं, तक्रार आमच्यातल्याच एकानं केली होती. गप्पांचा त्याला त्रास व्हायचा. मला येऊन बोलला असता तर मी फळी दहा पावलं पलीकडे सरकवली असती. मला राग सरकारपेक्षा याचाच जास्त आला. सरकार आपण बोलावतो म्हणूनही घरात शिरतं, आणि एकदा आलं की बोलावणाऱ्याच्याही खिडक्या मोजतं.

सगळेच नियम झुगारून दे, असं मी कधीच म्हणणार नाही. नदीत विष सोडणाऱ्याला अडवायलाच हवं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं १८५९ साली मांडलेली कसोटी मला अजून पटते: दुसऱ्याला इजा होत असेल, तरच माणसावर बळजबरी करावी. बेसूर बासरीनं कान किटतात, इजा होत नाही.

तेव्हा तो अर्ज राहू दे. जिना चढून वर जा, दार वाजव, आणि कुठली वेळ दोघांनाही चालेल ते विचार. काय झालं ते मला नक्की कळव.