पावसाच्या तोंडावर घरात माश्यांचा सुळसुळाट झाला आहे. फिनाइल, कापूर, स्प्रे सगळं करून झालं. घरात रांगतं बाळ आहे. काय करावं?

घरात रांगतं बाळ आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सगळ्यात आधी तो स्प्रे थांबवा. औषध फरशीवर बसतं आणि बाळ तेच हात तोंडात घालतं. डांबरगोळ्याही मोरीत टाकू नका, बाळाच्या हाती लागल्या तर विषारी असतात.

माश्या घरात दिसतात, पण बहुतेक वेळा जन्मतात बाहेर. त्यांना ओलं, कुजणारं काहीतरी लागतं: शेण, कोंबड्यांची विष्ठा, खरकटं, आणि या दिवसांत आंब्याच्या साली-कोयी आणि फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढल्यावर उरणारा भाग. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते. आपल्याकडच्या उकाड्यात दिवसभरात त्यांच्या अळ्या होतात आणि सात ते दहा दिवसांत उडणारी माशी. म्हणजे ओला कचरा आठवडाभर एका जागी उघडा राहिला की नवी पिढी तयार.

आम्ही कोकणात फणस फोडला की चारखंडं त्याच दिवशी खड्ड्यात पुरतो आणि वरची माती पायाने चांगली दाबतो, कारण भुसभुशीत मातीतून माश्या वर येतात. जवळ गोठा असेल तर शेणाच्या ढिगावर जाड प्लास्टिक घालून कडांना दगड ठेवा. ढीग आतून तापतो, त्यात अळ्या मरतात. जगतात त्या गार कडांना, म्हणून कडा उघड्या ठेवू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कचऱ्याचा डबा रोज रिकामा करून धुवा, तळाशी साचलेल्या पाण्यासकट. आणि डबा उचलून खाली बघाच. अळ्या कोष करायला कोरड्या जागी सरकतात, तिथे तांदळाएवढे तपकिरी दाणे सापडतील. ते झाडून उकळत्या पाण्यात टाका.

तोवर खिडक्यांना जाळी लावा आणि बाळाला भरवताना पंखा चालू ठेवा, वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही. वाटी मात्र क्षणभरही उघडी नको. माशीला घट्ट अन्न खाता येत नाही. ती त्यावर लाळ सोडते, विरघळवते आणि मग शोषते. शेणावरून उठून आलेली असेल तर जुलाबाचे जंतू तिथेच पोचतात. कापूर, लवंगा खोचलेलं लिंबू, पाण्याच्या टांगलेल्या पिशव्या यांवर माझा भरवसा नाही.

केळ्यांभोवती घोंघावणारी बारीक चिलटं असतील तर ती वेगळी. वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब ठेवा, त्यात ती बुडतात. घरमाशीला हा उपाय लागू पडत नाही.

सगळं साफ केल्यावरही आठवडाभर माश्या दिसत राहतील. त्या आधीच्या कोषांतून निघालेल्या असतात. तेवढ्यात कंटाळून परत स्प्रेकडे वळू नका. दहा-बारा दिवसांनीही कमी झाल्या नाहीत, तर एखादा ढीग किंवा साचलेला कचरा नजरेतून सुटलाय. शेजारच्यांच्या परसातही पाहा, त्यांच्याशी बोला, कारण माशी एक-दोन किलोमीटरही सहज उडून येते.