बाँडचा आकडा आणि जिभेकडची तार

प्रिय डॉक्टर,

थिसिसचा आराखडा वाचला. फिक्स्ड रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात परत हलू नयेत म्हणून जिभेकडून चिकटवलेली तार. ती धरणाऱ्या कॉम्पोझिटची (दाताला चिकटणाऱ्या भरणीची) बाँड स्ट्रेंथ, म्हणजे चिकटून राहायची ताकद, हा विषय चांगलाच आहे. प्रस्तावनेत 1975 च्या रेनॉल्ड्सच्या लेखातले, बाँडला पुरेसे मानलेले 6 ते 8 मेगापास्कल आलेत, ते सगळेच टाकतात. पण तो आकडा ब्रॅकेटसाठी, म्हणजे दात सरळ करताना प्रत्येक दातावर चिकटवतात त्या तुकड्यासाठी, सुचवलेला. ब्रॅकेट दीड-दोन वर्षांत आपणच काढतो आणि त्याचं कॉम्पोझिट ब्रॅकेटखाली झाकलेलं असतं. रिटेनर वर्षानुवर्षं टिकावा लागतो, आणि त्याचं कॉम्पोझिट उघडंच. जीभ, ब्रश, जेवण, सगळ्यांनी ते झिजतं. म्हणून नुसती शिअर टेस्ट, म्हणजे पात्याने बाजूने ढकलून कॉम्पोझिट सोडवणं, पुरणार नाही. कॉम्पोझिटमधून तार ओढून काढायची पुल-आउट टेस्टही घे. रिटेनर दोन ठिकाणी सुटतो: एनॅमलपाशी किंवा तारेपाशी. तारेवरचा थर पातळ राहिला की मल्टिस्ट्रँड (बारीक तारा पिळून केलेली) वायर बाहेर येते, मग खालचा बाँड कितीही पक्का असो.

चाचणीला काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागचे दात) सहज मिळतात म्हणून तेच घेणार, हे ठाऊक आहे. घे, पण त्यांची गालाकडची बाजू फुगीर आणि खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची खोलगट, हे लिहून ठेव. हिरड्यांच्या आजाराने काढलेले खालचे इन्सायझर, म्हणजे हेच पुढचे दात, पेरिओवाल्यांकडे (हिरड्यांच्या विभागात) मागून बघ. थर्मोसायकलिंग, म्हणजे नमुने आलटून पालटून थंड-गरम पाण्यात बुडवणं, 5 आणि 55 अंशांचं ठेव. तांबड्या रश्श्यावर थंडगार दूध कोल्ड्रिंक पिणाऱ्या गावात कुणी कारण विचारणार नाही!

टेस्टिंग मशीनमध्ये पात्याची धार दाताला लागूनच बसली पाहिजे. ती वर सरकली की कॉम्पोझिट उचकटलं जातं आणि तू त्यालाच शिअर म्हणून लिहिणार. तुटलेले नमुने टाकू नकोस. भिंगाखाली दातावर किती कॉम्पोझिट उरलंय ते बघ. 1984 चा ए.आर.आय. (ॲडहेसिव्ह रेम्नंट इंडेक्स) हा त्यासाठीचा 0 ते 3 चा निर्देशांक ब्रॅकेटसाठीच आहे, पण वापरता येतो. मला मेगापास्कलच्या तक्त्यापेक्षा हा तक्ता जास्त बोलका वाटतो.

आता तोंडातलं. खालच्या इन्सायझरच्या मागे, जिभेखालीच लाळेच्या नळ्या उघडतात. कीटण तिथेच साचतं, म्हणून आधी स्केलिंग, मग प्युमिसच्या पुडीने घासणं. 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड 15 ते 30 सेकंद, भरपूर पाणी, आणि वाळवल्यावर एनॅमल खडूसारखं पांढरं दिसलंच पाहिजे. तेवढ्यात पेशंटने जीभ लावली तर ‘चालतंय की’ म्हणायचं नाही. परत एच कर, म्हणजे ॲसिड पुन्हा लाव. महागडं कॉम्पोझिट लाळेपुढे काही कामाचं नाही.

आणि तार बोटाने दाबून कॉम्पोझिट क्युअर (लाइटने कडक) करू नकोस. मॉडेलवर ती अशी वाकव की दाताला आपोआप टेकेल. दाबून बसवलेली तार सुटली तर नशीब समज. सुटली नाही तर ती वर्षभरात दात फिरवते, आणि रिटेनर जागेवर दिसतो म्हणून पेशंट येतही नाही. मोठ्या आकड्याचं मला कौतुक नाही ते यासाठी.

पेशंटला ऊस दाताने सोलायला मनाई कर. ऐकणार नाहीत, तरी सांग.

जिगचं, म्हणजे मशीनमध्ये नमुना धरणाऱ्या पकडीचं, चित्र मापांसह काढून शनिवारी ये. उद्यमनगरात एक टर्नर ओळखीचा आहे, दुपारी जेवणाआधी गाठू. साच्यात बसवलेला एक दात बरोबर आण, नुसत्या कागदावरून तो काम घेत नाही.

तुझे सर