फिल्म स्कोअरला 'शास्त्रीय' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : आवडत्या चित्रपटांच्या स्कोअरविषयी लिहिताना 'हे तर शास्त्रीय संगीतच आहे' असे विधान सर्रास वाचायला मिळते. मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलेल्या अशा संगीताला मराठीत 'शास्त्रीय' म्हणणे बरोबर आहे का? आणि 'स्कोअर' म्हणजे 'पार्श्वसंगीत'च ना?

आधी पहिला भाग. नुसते 'शास्त्रीय' म्हणू नये. ते संगीत कमी दर्जाचे असते म्हणून नव्हे. मराठीत हा शब्द आधीच एका जागी पक्का बसला आहे, एवढेच कारण. 'या गायकाला शास्त्रीय बैठक आहे' हे वाक्य वाचल्यावर राग, ताल, आलाप, बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार), तालीम हेच डोळ्यांसमोर येते. याच अर्थाचे 'शास्त्रोक्त संगीत', 'रागदारी' आणि बोलीतले 'पक्के गाणे' हे शब्दही मराठीत आहेत. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीतच लिहिली, तेव्हा या शब्दामागचे 'शास्त्र' कोणते याबद्दल मराठी वाचकाला शंका नाही. आता 'या स्कोअरला शास्त्रीय बैठक आहे' असे लिहून पाहा. वाचक राग शोधू लागेल, आणि लिहिणाऱ्याच्या मनात मात्र व्हायोलिनचा ताफा असेल. 'पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत' हा जोडशब्द चालतो, पण त्यातले 'पाश्चात्त्य' गळले की घोटाळा झालाच.

(जाता जाता : जुन्या ग्रंथांतली विभागणी 'शास्त्रीय' आणि 'इतर' अशी नाहीच. 'संगीतरत्नाकर' या जुन्या संस्कृत ग्रंथात ती 'मार्ग' (प्राचीन, नियमबद्ध) आणि 'देशी' (प्रदेशाप्रमाणे, लोकरुचीप्रमाणे बदलणारे) अशी आहे. त्या हिशेबाने आजची रागदारीही 'देशी'तच मोडते. म्हणजे 'शास्त्रीय' हे बिरूदसुद्धा वाटते तितके पुरातन नाही.)

दुसरा पर्याय 'अभिजात'. पाश्चात्त्य परंपरेसाठी हा शब्द मला अधिक बरा वाटतो, आणि त्याची व्युत्पत्तीही गमतीची आहे. 'अभिजात' म्हणजे मुळात उच्च कुळात जन्मलेला. 'क्लासिकल'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'क्लासिकस' हा शब्द रोमन नागरिकांच्या सर्वांत वरच्या वर्गासाठी होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलिअस या रोमन लेखकाने तो लेखकांना लावला : वरच्या वर्गातला, प्रमाण मानावा असा लेखक. दोन्ही शब्द समाजातल्या स्थानावरून गुणावर आले. 'शास्त्रीय' मात्र नियमांवरून आलेला आहे. 'क्लासिकल'साठी आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण एक दर्जा सांगतो आणि दुसरा पद्धत सांगतो. वादातला अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

'अभिजात'चीही एक अडचण आहेच. इंग्रजीत 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' असे दोन शब्द आहेत. पहिला काळाच्या कसोटीला उतरलेल्या कृतीसाठी, दुसरा परंपरेसाठी. मराठीत दोन्हींना 'अभिजात'. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जो दर्जा मिळाला तो 'अभिजात भाषे'चा, म्हणजे 'क्लासिकल'चा. पण आपण एखाद्या चित्रपटाला 'अभिजात' म्हणतो तेव्हा अभिप्रेत असते 'क्लासिक'. म्हणून 'अभिजात पार्श्वसंगीत' असे लिहिले की वाचक 'अजरामर पार्श्वसंगीत' असे समजणार, 'पाश्चात्त्य परंपरेतले' असे नव्हे. परंपरा सांगायची असेल तर 'पाश्चात्त्य अभिजात परंपरेतला स्कोअर' असे पुरते लिहावे. शब्द दोन वाढतात, पण अर्थ सरकत नाही.

आणखी बारकाईने पाहिले तर संगीताच्या इतिहासात 'क्लासिकल' हे एका कालखंडाचेही नाव आहे : साधारण १७५० ते १८२०, म्हणजे हायडन, मोझार्ट, सुरुवातीचा बीथोव्हेन. हॉलिवूडचा जो स्कोअर ऐकून 'काय क्लासिकल आहे!' असे उद्गार निघतात, तो बहुधा या काळासारखा नसतोच. तो वाग्नर, माहलर, रिचर्ड स्ट्राउस या नंतरच्या संगीतकारांच्या वळणाचा असतो : भरगच्च ब्रास (पितळी फुंकवाद्ये), लांब पल्ल्याचे सूर, पात्रागणिक ठरवलेली धून. साहित्यसमीक्षेच्या भाषेत सांगायचे तर ते संगीत अभिजाततावादी नाही, स्वच्छंदतावादी ('रोमँटिक') आहे.

शब्द बाजूला ठेवून मूळ मुद्दा पाहू : ते संगीत त्या परंपरेत बसते का? 'वाद्ये तीच आहेत' हा पुरावा पुरेसा नाही. वाद्ये पोत सांगतात, रचना सांगत नाहीत. 'सायको'साठी (१९६०) बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्ये घेतली. ब्रास नाही, तालवाद्ये नाहीत. वाद्ययोजनेवरून त्याला मैफिलीतले तंतुवृंद-संगीत म्हणावे लागेल, पण त्याची लहान लहान, पुन्हा पुन्हा आदळणारी खंडरचना दृश्याने ठरवलेली आहे. उलट, 'दुसऱ्या कशासाठी तरी लिहिलेले, म्हणून अभिजात नाही' हा आक्षेपही टिकत नाही. बीथोव्हेनचे 'एग्माँट' (१८१०) आणि ग्रीगचे 'पेअर ग्युंट' (१८७६) हे नाटकांसाठीच लिहिलेले संगीत. साँ-साँसने तर १९०८ मध्येच चित्रपटासाठी संगीत लिहिले.

खरा फरक पडतो तो रचनेच्या आकारात. कसा, ते हिशेबानेच पाहू. चित्रफीत सेकंदाला २४ फ्रेम चालते, म्हणजे मिनिटाला १४४०. लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरली तर एका ठोक्याला १२ फ्रेम. ३० सेकंदांच्या दृश्यात ६० ठोके बसतात. चार ठोक्यांचा एक बार धरला तर १५ बार. पण आठ अधिक आठ अशा बांधणीच्या धुनेला १६ बार हवेत. मग संगीतकार लय वाढवून १२८ करतो. आता एका ठोक्याला ११.२५ फ्रेम. जुन्या क्लिक-ट्रॅकमध्ये (लय धरण्यासाठी वादकांना ऐकवल्या जाणाऱ्या ठोक्यांच्या पट्टीत) हे माप '११-२' असे लिहीत. ११ पूर्ण फ्रेम आणि दोन अष्टमांश. धून दृश्यात चपखल बसते. मग संकलक दृश्यातले दोन सेकंद कापतो. या लयीत एक बार १.८७५ सेकंदांचा. तो काढला तरी ०.१२५ सेकंद, म्हणजे तीन फ्रेम शिल्लक राहतात. दार आपटण्यावर नेमका आघात हवा असेल तर तीन फ्रेमही खटकतात. मग कुठे लय ओढायची, कुठे दोन ठोक्यांचा आखूड बार घुसवायचा, कुठे शेवटचा सूर लांबवायचा. शिवाय बार काढल्यावर आठ अधिक आठची बांधणी आठ अधिक सात होते, ते वेगळेच. सोनाटा किंवा फ्यूग या विस्ताराने बांधायच्या पाश्चात्त्य रचनाप्रकारांना लागणारी लांबी आणि तर्क अशा कात्रीत टिकत नाही. संगीतकाराला ते येत नाही असे नाही. निर्णय त्याच्या हातात नसतो.

निर्णय हातात दिला की काय होते याचीही उदाहरणे आहेत. 'अलेक्झांडर नेव्हस्की'मधले (१९३८) काही भाग दिग्दर्शक आयझेनस्टाइनने संगीतकार प्रोकोफिएव्हच्या संगीतावर बेतून जुळवले. 'ई.टी.'च्या (१९८२) शेवटच्या प्रसंगासाठी जॉन विल्यम्सला पडद्याकडे न पाहता वाद्यवृंद चालवायला सांगितले गेले, आणि नंतर चित्र त्या संगीताला जुळवून घेतले. तो भाग चित्राविना ऐकला तरी कुठे सांधा जाणवत नाही, तो यामुळेच.

एरवी स्कोअर मैफिलीत न्यायचा तर संगीतकार तो पुन्हा रचतो. प्रोकोफिएव्हने 'नेव्हस्की'ची सात भागांची कॅन्टाटा, म्हणजे गायन आणि वाद्यवृंद यांची रचना, केली (१९३९). राल्फ व्हॉन विल्यम्सने 'स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक'च्या (१९४८) साहित्यातून सातवी सिंफनी उभी केली. ती १९५३ मध्ये प्रथम वाजली. कोर्नगोल्डने आपल्या चित्रपटांतल्या धुना घेऊन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहिला आणि व्हायोलिनवादक यशा हायफेट्झने तो १९४७ मध्ये प्रथम सादर केला. धुना त्याच, पण आकार नवा. या कृती अभिजात परंपरेतल्या आहेत हे आज कोणी नाकारत नाही. तेव्हा आवडत्या स्कोअरबद्दल वाद घालताना आधी हे ठरवावे की आपण चित्रपटात वाजणारे तुकडे म्हणतो आहोत, की त्यावरून बांधलेली मैफिलीची कृती. अल्बमवर बहुधा तिसरेच काहीतरी असते : तुकडे जोडून, क्रम बदलून केलेले.

रागावर बेतलेल्या पार्श्वसंगीताला तरी 'शास्त्रीय' म्हणावे ना? तिथेही मी 'रागाधारित' म्हणेन. 'पथेर पांचाली'त (१९५५) दुर्गाच्या मृत्यूनंतर सर्वजयेचा हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजते. संगीत रविशंकरांचे, राग आहे, आणि तो प्रसंग विसरता येत नाही. पण ते रागाचे सादरीकरण नव्हे. बढतीला अवकाश लागतो. मिनिट-दीड मिनिटात रागाचा चेहरा दाखवता येतो, त्याच्याशी गप्पा होत नाहीत.

'कोणत्याच कप्प्यात बसत नाही' म्हणणाऱ्यांसाठी : संगीत-अभ्यासक अशोक दा. रानडे यांच्या वर्गीकरणात लोकसंगीत, कलासंगीत (रागदारीसारखे), जनसंगीत (लोकप्रिय संगीत) अशा कोटी आहेत. वाद्यवृंदीय स्कोअर हा कलासंगीताची साधने घेऊन जनसंगीताच्या माध्यमात उतरलेला प्रकार, असे म्हटले की बराच गुंता सुटतो.

आता 'स्कोअर'. याचे दोन अर्थ आहेत. एक, सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली लिखित प्रत. तिला 'पार्श्वसंगीत' म्हणता येणारच नाही. 'स्वरलेखन' किंवा सरळ 'स्कोअरची प्रत' म्हणावे. 'स्वरलिपी' ही लिहिण्याची पद्धत झाली, लिहिलेली कृती नव्हे. दुसरा अर्थ चित्रपटासाठी रचलेले संगीत, गाणी वगळून. इथे 'पार्श्वसंगीत' चांगला चालतो. 'पार्श्व' म्हणजे कूस, बाजू, 'पार्श्वभूमी'तला तोच. कधीकधी हे संगीत मागे न राहता पुढे येते, पण तेवढ्यावरून रुळलेला शब्द बदलायचे कारण नाही. फक्त 'पार्श्वगायन'शी गल्लत करू नये. तिथे गाणारा पडद्यामागे असतो, गाणे मात्र पुढेच असते. 'साउंडट्रॅक' वेगळा : मुळात फितीवरची ध्वनीची पट्टी, आणि आता गाण्यांसकटचा अल्बम. ज्या चित्रपटात आधीचेच संगीत वापरले आहे, त्याला साउंडट्रॅक असतो, स्वतःचा स्कोअर असेलच असे नाही. '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) अॅलेक्स नॉर्थने स्कोअर लिहिला होता. तो बाजूला ठेवून दिग्दर्शक कुब्रिकने रिचर्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस, लिगेटी यांच्या तयार रचना वापरल्या. तिथे 'पडद्यावर अभिजात संगीत वाजते' हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि 'स्कोअर अभिजात आहे' हे मात्र नाही.

'सिंफनी' शब्दही जपून वापरावा. ती एक रचना आहे, बहुधा चार भागांची. मोठ्या वाद्यमेळाच्या आवाजाला सिंफनी म्हणत नाहीत. आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की मराठी वाचकाला निवेदकासह गाजलेल्या गाण्यांचा रंगमंचीय कार्यक्रम आठवण्याचा संभव मोठा, म्हणून 'सिंफनी ऑर्केस्ट्रा' असे पूर्ण लिहावे किंवा 'वाद्यवृंद'. प्रश्नातले विधान मी असे लिहीन : 'हा स्कोअर पाश्चात्त्य अभिजात परंपरेच्या वाद्यवृंदासाठी, वाग्नरच्या वळणाने लिहिलेला आहे.' त्यात वाग्नरचे नाव खरोखर लागू पडत नसेल, तर तेवढे काढावे.