महागडा रॅक, ५० किलोंचे छत

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या दोन कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद नौका (एक एकट्याची, २३ किलो, दुसरी दोघांची, ३२ किलो) आणि उभे राहून वल्हवायचा १२ किलोंचा एक पॅडल बोर्ड आहे. चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीवर ते नेण्यासाठी परदेशी बनावटीच्या रूफ रॅकचे ६४,००० रुपयांचे दरपत्रक मिळाले आहे. गॅरेजवाला लोखंडी कॅरिअर ११,००० रुपयांत करून देतो. मुळशीच्या जलाशयाकाठचे एक घरमालक तिन्ही वस्तू महिना १,५०० रुपयांत शेडमध्ये ठेवायला तयार आहेत. गेल्या वर्षी आम्ही अकरा दिवस पाण्यावर होतो : सात मुळशीला, दोन पवनेला, दोन मालवणजवळच्या देवबागला. गाडी दोन-तीन वर्षांत बदलायची आहे. घरखर्च कर्जहप्त्यासह ९५,००० रुपये असून आकस्मिक निधी २,१०,००० रुपयांचा आहे. रॅकसाठी या निधीतून पैसे काढावेत, तीन महिने म्युच्युअल फंडातील एसआयपी (दरमहा २०,०००) थांबवावी की दुकानदार देतो ती बारा महिन्यांची ‘नो-कॉस्ट ईएमआय’ घ्यावी?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत जोडलेल्या तीन कागदांपैकी मी आधी गाडीच्या पुस्तिकेचे पान वाचले. त्यावर छतावरील भाराची मर्यादा ५० किलो दिली असून हा आकडा कॅरिअरच्या वजनासह धरावा, असेही लिहिले आहे. पैसे कोठून आणायचे हा आपला प्रश्न रास्त असला, तरी या एका ओळीमुळे आधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो : एवढे पैसे देऊन आपल्याला जे हवे आहे, ते मिळणार आहे का?

हिशेब सरळ आहे. दोन कयाक आणि बोर्ड मिळून ६७ किलो होतात. दरपत्रकातील आडव्या दांड्या, त्यांचे पाय आणि कयाक उभी धरणारे इंग्रजी ‘जे’ आकाराचे दोन पाळणे यांचे साधारण ११ किलो धरले, तर छतावर ७८ किलो येतात. दुकानदाराने दांड्यांची क्षमता ७५ किलो असल्याचे सांगितले, हे खरे मानले तरी त्याने आपल्या छताची क्षमता वाढत नाही. गाडीचे छत, रॅकचे पाय आणि दांड्या या तिघांना स्वतंत्र मर्यादा असतात, आणि तिघांपैकी जी सर्वांत कमी तीच आपल्याला लागू होते. म्हणजे ६४,००० रुपये मोजूनही आपल्या तिन्ही वस्तू एका फेरीत नेता येणार नाहीत. लोखंडी कॅरिअरची अडचण याहून मोठी आहे, कारण अशी जाळीची कॅरिअर सहज २० किलोंच्या घरात जाते. उरलेल्या ३० किलोंत आपली दोघांची कयाकसुद्धा बसत नाही. स्वस्त वस्तूने आपले वजन आपल्याच वाट्यातून घेतले, असे हे झाले.

‘उभ्या गाडीच्या छतावर लोक तंबू टाकून झोपतात, मग ७८ किलोंचे काय एवढे?’ असे आपल्याला कोणी म्हणेल. उभ्या गाडीचे गणित वेगळे आणि पळणाऱ्या गाडीचे वेगळे. पुस्तिकेतील मर्यादा ब्रेक, वळण, खड्डा आणि वारा गृहीत धरून दिलेली असते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. त्यातच चार मीटरच्या आतल्या गाड्यांचे छत आखूड असल्याने दोन दांड्यांमधील अंतर जेमतेम राहते आणि लांब नौकेचे नाक वाऱ्याने वर-खाली हलू लागते. म्हणून पोटाला बांधलेल्या दोन पट्ट्यांखेरीज नौकेच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून गाडीच्या बॉनेटकडे आणि मागच्या कडीकडे स्वतंत्र दोर बांधावे लागतात. पुष्कळ जण हे दोर कंटाळ्यापोटी बांधत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात सुटली आहे. आपल्या गाडीच्या छतावर रेल आहेत आणि रॅक त्यांनाच पकडून बसवता येईल, असे दुकानदाराने सांगितले आहे. आपल्याकडील अनेक गाड्यांवरील रेल निव्वळ शोभेसाठी असतात. त्यांच्यावर भार टाकणे निर्मात्याला अभिप्रेत नसते आणि पुस्तिकेत कुठेतरी बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. आपण पाठवलेल्या पानावर याचा उल्लेख नाही. तेव्हा गाडीचा चासी क्रमांक देऊन ‘या रेलवर भार टाकता येतो का?’ एवढेच गाडीच्या कंपनीच्या सेवा केंद्राला ईमेलने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी ‘चालतंय हो’ला विमा कंपनीपुढे काही किंमत नसते.

विम्याचा विषय निघालाच आहे, तर तोही पाहून घेऊ. नंतर बसवलेला रॅक पॉलिसीत जाहीर केलेला नसेल, तर गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात त्याची भरपाई धरू नये. छतावरील कयाक ही गाडीचा भाग नव्हे, त्यामुळे ती मोडली तर मोटार विमा कामी येत नाही. नौका सुटून मागच्या वाहनावर आदळली, तर त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीच्या पॉलिसीत साधारणपणे ७,५०,००० रुपयांची मर्यादा असते, आणि एक्स्प्रेसवेवर मागून कोणती गाडी येत असेल याचा नेम नाही. मर्यादेपेक्षा दीडपट भार असताना असा अपघात झाला, तर विमा कंपनीशी होणारा वाद आपण स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखा होईल. रॅकच्या किमतीत ही जोखीम कुठल्याच दरपत्रकावर छापलेली नसते.

हे मी केवळ पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी घरच्या लग्नासाठी गुहागरला जाताना आम्ही एका कारागिराकडून कॅरिअर बसवून घेतले होते. पाटणच्या पुढे चहाला थांबलो असता माझ्या भाच्याने सहज हात लावला आणि मागची पकड चक्क हलली. कुंभार्ली घाट अजून उतरायचा होता. सामान आत मांडीवर घेऊन आम्ही चिपळूण गाठले. पकडीखालचा पत्रा चेपला होता, आणि तो सरळ करून रंगवून घ्यायला कॅरिअरच्या किमतीच्या दुप्पट पैसे गेले. तेव्हापासून स्वस्त कॅरिअरची किंमत मी तीनपट धरून चालते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पैशाकडे वळते.

‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज नाहीसे होत नाही; विक्रेता ते सुरुवातीला सवलतीच्या रूपाने सोसतो. मात्र बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आकारते आणि तो आपल्याला भरावा लागतो. व्याजदर १५ टक्के धरला, तर आपल्या बारा हप्त्यांत हा कर सुमारे ९०० रुपये होतो. शिवाय रोखीने घेतल्यास दुकानदार ५ टक्के, म्हणजे ३,२०० रुपये, सोडायला तयार असल्याचे आपणच लिहिले आहे. ही ‘विनाखर्च’ सोय प्रक्रिया शुल्क वगळूनही ४,१०० रुपयांना पडते.

एसआयपी तीन महिने थांबवली, तर ६०,००० रुपये गुंतवायचे राहतील. वार्षिक ११ टक्के वाढ गृहीत धरली, तर बारा वर्षांनी त्यांचे साधारण २,१०,००० रुपये झाले असते. अशी गणिते घालून लोकांना घाबरवणे माझ्या व्यवसायात फार चालते आणि मला ते आवडत नाही. त्या न्यायाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. तीन हप्ते चुकल्याने आपले निवृत्तीचे नियोजन कोसळणार नाही. मला काळजी आहे ती आकस्मिक निधीची. ९५,००० रुपयांच्या मासिक खर्चापुढे २,१०,००० रुपये म्हणजे सव्वादोन महिनेही नाहीत, आणि त्यातून ६४,००० काढल्यास दीडच महिन्याची शिल्लक उरते. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या घरात निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, असे मी नेहमी सांगते. तेव्हा या निधीला रॅकसाठी हात लावू नये, हे माझे उत्तर ठाम आहे.

मग काय करावे? या गाडीसाठी रॅकच घेऊ नये, असे मला वाटते. गाडी दोन-तीन वर्षांत बदलायची आहे. रॅकचा गाडीशी जुळवून घेतलेला जोडसंच नव्या गाडीला बहुधा बसणार नाही, दांड्यांची लांबीही बदलू शकते, आणि उरलेला माल निम्म्या किमतीला विकण्याची वेळ येईल. उलट आपल्या अकरा दिवसांतील सात दिवस एकाच जलाशयावर गेले आहेत. पावसाळ्यात पाण्यावर जायचेच नसल्याने घरमालकांशी ऑक्टोबर ते मे असे आठ महिने बोलून पाहावे. दर तोच राहिला तर १२,००० रुपये होतील. सात दिवसांवर वाटल्यास दिवसाला सुमारे १,७०० रुपये पडतात. ही रक्कम थोडी नाही, हे मला मान्य आहे. पण ती महिन्याच्या पगारातून जाते, एकरकमी भांडवल अडकत नाही, पाठीला आणि छताला त्रास होत नाही, आणि नौका हाताशी असल्यामुळे सातचे बारा दिवस होण्याचा संभव वाढतो. मात्र एप्रिल-मेमध्ये जलाशयाचे पाणी खूप मागे हटते आणि गाळातून नौका ओढत न्यावी लागते, तेव्हा शेड काठाच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहून घ्यावे. पावसाळ्याचे चार महिने नौका तिथेच राहू देतील का, हेही आधीच विचारावे.

देवबागला पुण्याहून नौका नेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. वर्षातील दोन दिवसांसाठी जाऊन-येऊन साडेसातशे-आठशे किलोमीटर वारा कापत छतावरून कयाक नेण्यापेक्षा ती तिथेच भाड्याने घेणे कुठल्याही हिशेबाने स्वस्त आहे.

पवनेचे दोन दिवस किंवा एखादे नवे ठिकाण आपल्याला खुणावत असेल आणि रॅकशिवाय मन मानत नसेल, तर त्यातल्या त्यात शहाणा मार्गही सांगते. पाळणे घेऊ नयेत. फक्त दांड्या-पाय (आपल्या दरपत्रकात ३४,०००) आणि त्यांवर फोमच्या गाद्या व साध्या कळीचे पट्टे घ्यावेत. दोघांची कयाक पालथी ठेवल्यास एकूण भार ३२ अधिक साधारण ७, म्हणजे ३९ किलो होतो. वर बोर्ड टाकण्याचा मोह होईल, आणि बेरीज ५१ येईल. एका किलोने काय होते, असे आपण म्हणाल. कयाकच्या पोटात राहिलेले दोन-तीन लिटर पाणी त्या बेरजेत धरलेले नाही, एवढेच मी म्हणेन. त्यापेक्षा एकट्याची कयाक आणि कडक बोर्ड विकून हवा भरण्याचा बोर्ड घ्यावा. तो पिशवीत गुंडाळून डिकीत जातो, छताला त्याची खबरही नसते, आणि आपल्या तिघांच्या कुटुंबाला दोघांची कयाक व एक बोर्ड पुरेसा आहे. पुढे कधी कॅनो (वरून उघडी, रुंद नौका) घ्यावी असेही आपण ओझरते लिहिले आहे. ती काठांवर पालथी टेकवून न्यायची असल्याने दोन दांड्यांचा जवळजवळ सगळा पन्हा तीच घेते. तो विचार नव्या गाडीपर्यंत राहू द्यावा.

वजने मात्र पत्रकावरून धरू नयेत. घरच्या वजनकाट्यावर आधी आपण उभे राहावे, मग कयाक खांद्यावर घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. ३२ किलोंची नौका छतावर चढवताना ती दोघांनी एकदम उचलू नये. मागच्या दांडीवर जुनी योगा मॅट टाकून आधी नाक टेकवावे आणि मग मागून पुढे ढकलावी. पट्टे ताणण्यासाठी खटक्याचे यंत्र वापरू नये, कारण पुण्याच्या एप्रिलमधील उन्हात प्लॅस्टिक मऊ पडते आणि जास्त आवळलेल्या जागी कायमचा खड्डा पडतो. बांधून झाल्यावर नौका धरून हलवावी. नौकेबरोबर सगळी गाडी हलली तर बांधणी बरोबर, नौका एकटीच हलली तर पुन्हा बांधावी. परत आल्यावर दांड्या काढून ठेवाव्यात. रिकाम्या दांड्या वर्षभर वारा खातात आणि त्याचे पेट्रोल रोजच्या ऑफिसच्या वाटेवर जळते.

नवी गाडी पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याकडे सनरूफच्या आधी छतावरील भाराचा आकडा मागावा. ७५ किलो मिळाले आणि तोवर आकस्मिक निधी सहा महिन्यांच्या खर्चाएवढा झाला असला, तर वार्षिक बोनसमधून रॅक रोखीने घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

तोपर्यंत मुळशीच्या घरमालकांना पहिला महिना देण्यापूर्वी शेड एकदा स्वतः पाहून यावे. पत्र्यातून ऊन थेट पडते का, कयाक कुशीवर टेकवायला भिंतीशी जागा आहे का, साखळी अडकवायला खांब आहे का, हे पाहावे. तिन्ही वस्तूंची छायाचित्रे काढून साध्या कागदावर दोघांच्या सह्यांची पावती करावी, आणि कयाकच्या झाकणाच्या खाचा जाळीने बंद कराव्यात, कारण पावसाळ्यात उंदरांना तेवढी जागा पुरते.